वादळाच्या आधीचं आणि नंतरचं न्यू ऑर्लिन्स कसं बघायचं

माझा भाचा बायकोला घेऊन पहिल्यांदा इथे आला, तेव्हा विमानतळावरून घरी पोचेपर्यंत त्याने तीनदा विचारलं, "मावशी, कॅटरिना कुठे दिसतं?" उद्या दाखवते, म्हटलं. दुसऱ्या दिवशी दोघं माझ्याआधी उठली, फ्रेंच क्वार्टर या शहराच्या सगळ्यात जुन्या भागात चक्कर मारून आली आणि जरा हिरमुसलीच. लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या जागच्या जागी, खेचरांच्या गाड्या चालू, सकाळी दहालाच कोपऱ्यावर कुणीतरी ट्रम्पेट वाजवतंय. "इथे काही झाल्यासारखं वाटतच नाही गं."

वाटणारच नाही. २९ ऑगस्ट २००५ च्या सोमवारी कॅटरिना चक्रीवादळ आलं, शहराचा जवळजवळ ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि फ्रेंच क्वार्टर उरलेल्या २० टक्क्यांत होतं. पाहुणे येतात, तीच कोरडी पट्टी बघतात आणि "शहर किती छान सावरलं" म्हणत परत जातात. तेव्हापासून मी पाहुण्यांना फिरवायचा एक क्रम ठरवून टाकलाय. आतापर्यंत इतक्या जणांना फिरवलं, की आता तो लिहूनच ठेवते. गाडी लागेल, दीड दिवस लागेल, आणि चपला नकोत, बंद बूट घाला. काही रस्ते अजून असे आहेत की खड्ड्यांना आम्ही नावं दिली आहेत.

आधी चार शब्द शिका

कॅटरिना हे नाव इथली माणसं फारसं घेत नाहीत. "द स्टॉर्म" म्हणतात. वादळं दर मोसमात येतात, पण नुसतं "द स्टॉर्म" म्हटलं की ते एकच. लग्नं, बाळंतपणं, नोकऱ्या, सगळ्याच्या तारखा त्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे. "ही खुर्ची बिफोर द स्टॉर्म आहे" असं कुणी म्हणालं, तर ती खुर्ची वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली, एवढं त्यात न सांगता आलं.

दुसरा शब्द पाणी. २००६ मध्ये दुकानाच्या रांगेत अनोळखी माणसंसुद्धा एकमेकांना विचारायची, "तुमच्याकडे किती पाणी?" उत्तर फुटांत. "तीन" म्हणणारा "आठ" म्हणणाऱ्यापुढे गप्प बसायचा. आणि "आमच्याकडे नव्हतं" हे खाली बघत सांगायची पद्धत होती. बाहेरून आलेल्याने मात्र हे विचारू नये. त्याऐवजी "तुमची शाळा कुठली?" विचारा. हा इथला सगळ्यात साधा प्रश्न आहे. उत्तरात वस्ती येते, चर्च येतं, बॅंड येतो आणि दहा मिनिटांत पाणीही आपोआप येतं.

तिसरं, दिशा. पूर्व-पश्चिम इथे चालत नाही, कारण मिसिसिपी इतकी वेडीवाकडी वळते की सूर्य "वेस्ट बँक"वर, म्हणजे पश्चिम काठावर उगवतो. आम्ही "तळ्याकडे" आणि "नदीकडे" म्हणतो. तळं म्हणजे उत्तरेचं लेक पाँट्चरट्रेन. या दोन शब्दांचा उपयोग पत्ता शोधण्यापेक्षा पुढे जास्त होणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा. रस्त्याच्या मधल्या हिरव्या पट्ट्याला "न्यूट्रल ग्राउंड" म्हणतात. क्रिओल, म्हणजे जुन्या फ्रेंच-स्पॅनिश वळणाच्या, आणि अमेरिकन वस्त्यांच्या मधोमध कनाल स्ट्रीट होती, तिच्या पट्ट्यावरून हे नाव सगळीकडे पसरलं. त्या पट्ट्यावर गाड्या चढवून ठेवलेल्या दिसल्या, की मोठा पाऊस येतोय असं समजा आणि तुमचीही चढवा.

चौथा शब्द वापरायचा नाही, तो म्हणजे "रेफ्युजी". सप्टेंबर २००५ मध्ये टीव्हीवर सर्रास तोच शब्द होता आणि लोक भयंकर चिडले होते. आपल्याच देशात, आपल्याच करातून बांधलेल्या भिंती फुटून घर गेलं आणि वर परक्या देशातून आल्यासारखं बोलतात! मराठीत लिहितानाही "निर्वासित" हातून सहज उतरतं, म्हणून सांगून ठेवते.

घरून निघण्याआधी दोन नकाशे

हे काम तुमच्या तुमच्या घरी, चहा पिता पिता करायचं. शहराचा १८७८ चा हार्डीने काढलेला नकाशा शोधा. शेजारी २००५ च्या पुराचा नकाशा उघडा. १८७८ मध्ये जिथे घरं होती, तो नदीकाठचा चंद्रकोरीसारखा पट्टा आणि २००५ मध्ये जो कोरडा राहिला तो पट्टा, दोन्ही जवळजवळ एकमेकांवर बसतात. जुन्या माणसांनी जिथे घरं बांधली नाहीत, तिथे पाणी आलं. एवढं डोळ्यांत भरलं की निम्मं काम झालं.

मग गूगल अर्थमध्ये मागच्या तारखांची चित्रं बघा. २००५ च्या ऑगस्टअखेरचं चित्र उघडलं की छपरंच छपरं दिसतात, मध्ये करडं पाणी. याचीही एक गंमत आहे. २००७ मध्ये गूगलने नकाशातली वादळानंतरची चित्रं काढून वादळाआधीची, जरा जास्त स्पष्ट असलेली टाकली होती. आम्ही इथे अजून भिंती खरवडत होतो आणि नकाशात शहर नवंकोरं! अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीने पत्र लिहून जाब विचारला, तेव्हा नवी चित्रं पुन्हा आली. माझ्या एका ओळखीच्या बाईंनी त्या मधल्या दिवसांत आपल्या पाडलेल्या घराचं छप्पर पडद्यावर बघून त्याची छापील प्रत काढून ठेवली. तिच्या दृष्टीने ती चूक दुरुस्त झाली नसती तरी चाललं असतं.

एकच रस्ता, पण नदीपासून तळ्यापर्यंत

आता गाडी काढा. सगळं शहर फिरायची गरज नाही. इलिजियन फील्ड्स अ‍ॅव्हेन्यू हा एकच रस्ता पुरे. नदीजवळ सुरू होतो आणि सुमारे ८ किलोमीटर सरळ रेषेत तळ्यापर्यंत जातो. शहराचा उभा छेद घेतल्यासारखा आहे.

सुरुवातीला मात्र गाडी लावून नदीच्या बांधावर चढा. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला शहर. नदी भरलेली असते तेव्हा तिचं पाणी शहराच्या रस्त्यांपेक्षा वर असतं, हे तिथे उभं राहिल्याशिवाय पटत नाही. पाण्याने खाली वाहायचं असतं, आपण वरून बघायचं असतं, ही आपली सवय. इथे तेव्हा जहाज रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून जातं.

कारण साधं आहे. नदी दर पुराला काठावर गाळ टाकत गेली, त्यामुळे काठ उंच झाला आणि मागची जमीन दलदल राहिली. १७१८ मध्ये शहर वसलं ते त्या उंच काठावर. पुढची दोनशे वर्षं मागची दलदल डासांना आणि सायप्रसच्या झाडांना सोडलेली होती. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्डविन वूड नावाच्या इंजिनिअरने राक्षसी पंप बनवले, दलदल कोरडी केली, प्लॉट पाडले, विकले. पण पाणी काढलं की असली माती सुकते, आकसते आणि खचते. जी जमीन समुद्रसपाटीला होती, ती पंपांमुळेच खाली गेली. म्हणजे कोरडं ठेवायचा जितका आटापिटा, तितका खड्डा खोल.

आता हळू चालवा आणि घरांची जोती बघा. मी पाहुण्यांना एवढंच काम देते: छप्पर, रंग, बाग काही बघू नका, जोतं बघा. नदीजवळ जुनी "शॉटगन" घरं आहेत, एकामागोमाग एक खोल्यांची लांबट, विटांच्या खांबांवर दोन-तीन फूट उचललेली. ज्यांनी बांधली त्यांना पाणी ठाऊक होतं. सेंट क्लॉड, क्लेबॉर्न हे रस्ते ओलांडत पुढे गेलात की रस्ता नकळत उतरतो. सायकलवर असाल तर पाय सांगतील, गाडीत कळत नाही. मग जेंटिली बुलेव्हार्डपाशी एक उंचवटा लागतो. उंचवटा म्हणजे किती, तर काही फूट. पण ती नदीच्या एका जुन्या फाट्याने रचलेली जमीन आहे आणि तिथली घरं पुन्हा जुनी, पुन्हा उंच जोत्याची. तो ओलांडला की खरी खोलगट जमीन. इथे १९५० नंतरची घरं थेट जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या लादीवर बसवलेली. जोतंच नाही. पंप आहेत, भिंती आहेत, मग जोतं कशाला? त्या लादीवर केवढा विश्वास ओतला होता, ते मला दरवेळी नव्याने दिसतं.

आणि रस्त्याच्या शेवटी, तळ्याच्या अगदी काठाला, जमीन पुन्हा चढते. १९२० आणि ३० च्या दशकांत तळ्यातला गाळ उपसून ती भर घातलेली आहे. २००५ मध्ये पाणी तळ्याच्या बाजूने आलं, तरी काठावरची ही पट्टी बरीचशी कोरडी राहिली आणि मैलभर आत असलेले आम्ही बुडालो.

माझं घर

आम्ही १९९३ पासून जेंटिलीत राहतो, त्या खोलगट भागात. जोतं अडीच फूट. रविवारी, २८ ऑगस्टला सकाळी महापौरांनी शहर सक्तीने रिकामं करायचा हुकूम काढला. असा हुकूम या शहराने त्याआधी कधी ऐकला नव्हता. हायवेच्या दोन्ही बाजू बाहेर जाण्यासाठी सोडल्या होत्या. आम्ही तीन दिवसांचे कपडे, पासपोर्ट आणि कुकर घेऊन ह्यूस्टनकडे निघालो. कुकर का घेतला, ते मला आजतागायत सांगता येत नाही. फोटोंचे अल्बम खालच्या कपाटातून काढून वरच्या कपाटात ठेवले, आणि त्याचंच मला केवढं समाधान!

परत आलो ते ऑक्टोबरमध्ये. मध्ये सप्टेंबरअखेर रिटा नावाचं आणखी एक वादळ येऊन काही भागांत पुन्हा पाणी शिरलं होतं. शहरातलं पाणी पूर्ण उपसलं गेलं ११ ऑक्टोबरला.

आमच्या गल्लीत वळलो तर पहिल्यांदा जाणवला तो रंग. गवत, झुडपं, गाड्या, कुंपणं, सगळं एकाच राखाडी-तपकिरी रंगाचं. मग शांतता. एकही पक्षी नाही. प्रत्येक घरावर एकाच उंचीवर आडवी रेघ, जणू कुणी रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी धरून मारलेली. दार फुगून बसलं होतं, ते ह्यांनी खांद्याने पाडलं. फ्रिज तरंगत येऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवा झाला होता. तो उघडायचा नसतो, हे तोपर्यंत सगळ्या शहराला माहीत झालं होतं. चिकटपट्टीने गुंडाळायचा आणि रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचा. त्या हिवाळ्यात रस्तोरस्ती असे हजारो पांढरे फ्रिज उभे होते आणि लोक त्यांच्यावर रंगाने विनोद लिहायचे.

माझ्या कोठीच्या खोलीचं दार सायप्रसच्या लाकडाचं आहे. बाकी भिंती खांबांपर्यंत सोलून काढाव्या लागल्या, पण सायप्रस सहजी कुजत नाही म्हणून ते दार ठेवलं. पाहुण्यांना मी ते आतल्या बाजूने दाखवते. एक रेघ नाही, सात रेघा आहेत. पाणी एकदम उतरलं नाही. पंप थोडे चालले, बंद पडले, पुन्हा चालले, आणि प्रत्येक मुक्कामाची एक रेघ राहिली. खालून दुसरी रेघ पिवळी आहे. स्टीलचे डबे तरंगले, बहुतेकांची झाकणं घट्ट राहिली, तूरडाळ तर चक्क कोरडी निघाली. हळदीचा डबा तेवढा उघडला. भाच्याच्या बायकोने त्या पिवळ्या रेघेला बोट लावून बघितलं आणि मग कितीतरी वेळ तिने फोटो काढायला फोन वर केला नाही.

दारावरची फुली

जुन्या घरांवर अजूनही क्वचित फवारलेल्या रंगाची मोठी फुली दिसेल. शोधपथकांची ती खूण. वाचायची अशी: डाव्या कप्प्यात पथकाचं नाव, वरच्यात तारीख, उजवीकडे आत काय धोका आहे, आणि खालच्या कप्प्यात किती माणसं सापडली, जिवंत की मेलेली. बहुतेक ठिकाणी खाली शून्य. आमच्या गल्लीत दोन घरं सोडून एका दारावर खाली एक होता.

काहींनी ती फुली पहिल्या दिवशी रंगवून टाकली. काहींनी मुद्दाम ठेवली आणि एखाद्याने तर लोखंडात घडवून नव्या भिंतीवर लावली. दोघांनाही कारण विचारायचं नसतं. आणि दुकानात ती छापलेला टीशर्ट दिसला तर कृपा करून माझ्यासाठी आणू नका.

वादळ की भिंत?

इलिजियन फील्ड्सवरून थोडं पश्चिमेला वळलात की लंडन अ‍ॅव्हेन्यू कॅनॉल लागतो. पावसाचं पाणी पंपाने तळ्याकडे न्यायला असे कालवे आहेत. त्यांच्या दोन्ही काठांवर काँक्रीटच्या भिंती. मिराबो अ‍ॅव्हेन्यूजवळ, वॉरिंग्टन ड्राइव्हवर, भिंत जिथे फुटली तिथे आता छोटी बाग, माहितीचे फलक आणि एक बुडालेलं घर आहे तसं मांडून ठेवलंय. खिडकीतून आत बघायचं. सगळ्या दौऱ्यात मी इथे सर्वांत जास्त वेळ थांबवते.

इथे पाणी भिंतीच्या माथ्यावरून सांडलं नाही, माथ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. भिंतीखाली गाडलेले पोलादी पत्रे पुरेसे खोल नव्हते, खाली वाळू होती, पाणी त्या वाळूतून शिरलं आणि भिंत पायातून गेली. कालव्याखालची ती वाळू गल्लीत ढिगाने आली होती. माझ्या शेजारच्या गल्लीत गाड्या खिडक्यांपर्यंत वाळूत रुतलेल्या मी पाहिल्यात. १७व्या स्ट्रीटच्या कालव्याची भिंतही पाणी माथ्यापर्यंत पोचण्याआधीच गेली, फक्त तिथे खाली वाळूऐवजी मऊ चिकणमाती होती. त्याने लेकव्ह्यू ही बहुतेक गोऱ्यांची वस्ती बुडवली. वादळ तर किनाऱ्याला लागताना पाच श्रेणींपैकी तिसऱ्या श्रेणीचं होतं आणि त्याचा डोळा शहराच्या पूर्वेकडून निघून गेला. रविवारी रात्री ह्यूस्टनच्या मोटेलात आम्ही टीव्हीसमोर होतो आणि सोमवारी दुपारी "न्यू ऑर्लिन्स थोडक्यात वाचलं" असं ऐकून मी साबूदाणा भिजत घातला होता.

भिंती बांधल्या होत्या अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर कोअरने आणि त्यांनीच जून २००६ च्या अहवालात कबूल केलं, की ही यंत्रणा नावापुरतीच यंत्रणा होती. लोक कोर्टात गेले. २००८ च्या जानेवारीत निकाल लागला: १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्याने सरकारला अशा दाव्यांपासून सूट दिली आहे, तेव्हा दावा चालणार नाही. म्हणून इथे कुणापुढे "नैसर्गिक आपत्ती" म्हणालात तर समोरचा नम्रपणे, पण लगेच दुरुस्त करेल. बरेच जण "फेडरल फ्लड" म्हणतात. मीही म्हणते.

याच भागात एक बुलेव्हार्ड आहे, तिला जुनी माणसं अजून रॉबर्ट ई. ली म्हणतात. २०२२ पासून ती अ‍ॅलन टूसान बुलेव्हार्ड आहे. गुलामगिरीसाठी लढलेल्या सेनापतीच्या जागी इथला पियानोवाला. मला हा बदल फार आवडतो, पण पत्ता सांगताना जुनंच नाव तोंडात येतं.

लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये कसं वागायचं

इंडस्ट्रियल कॅनॉलचा पूल ओलांडला की लोअर नाइन्थ. इथे भिंत फुटली तेव्हा पाणी नुसतं चढलं नाही, भिंतीसारखं चालून आलं. घरं जोत्यावरून उचलून दुसऱ्या घरांवर नेऊन टाकली. अजूनही कितीतरी प्लॉट मोकळे आहेत, आणि काहींत तीन-चार काँक्रीटच्या पायऱ्या तेवढ्या उभ्या दिसतील. वर दार नाही, घर नाही.

गाडीतून उतरा, काचेआडून बघू नका. सुरुवातीच्या वर्षांत पर्यटकांच्या बसगाड्या इथे यायच्या. लोक घराचा चिखल उपसतायत आणि वर काचेतून चाळीस कॅमेरे. राहणारे वैतागले नसते तर नवल. माणसांचे फोटो नकोत. समोरून कुणी आलं तर आधी तुम्ही "गुड मॉर्निंग" म्हणा, इथे तो साधा शिष्टाचार आहे. आणि "एवढी जागा रिकामी का?" असं मोठ्याने म्हणू नका. त्याचं उत्तर सांगते. घर परत बांधायला "रोड होम" योजनेतून जे पैसे मिळायचे, ते वादळाआधीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांत जे कमी असेल त्यावरून. बांधायला लाकूड-सिमेंट तेवढंच लागतं, पण काळ्या वस्तीतल्या घराची बाजारातली किंमत आधीच कमी. म्हणजे लेकव्ह्यूतल्याला छप्पर घालण्यापुरते पैसे मिळाले आणि इथल्याला जोत्यापुरते. खटला झाला, २०११ मध्ये तडजोडही झाली, पण सहा वर्षांत माणसं दुसऱ्या शहरात रुजतात.

इथे "भिंत उडवून दिली" असं सांगणारी वयस्कर माणसं भेटतील. हसू नका. १९२७ च्या महापुरात शहराच्या धनिकांनी खालच्या बाजूचा बांध खरोखरच सुरुंगाने उडवला होता, शेजारच्या परगण्यांत पाणी सोडून आपलं शहर वाचवायला. १९६५ च्या बेट्सी वादळात लोअर नाइन्थ बुडालं. तेव्हापासून कितीतरी घरांत माळ्यावर कुऱ्हाड ठेवायची पद्धत आहे, छप्पर फोडून बाहेर पडता यावं म्हणून. २००५ मध्ये सुरुंग नव्हता, हे खरं. पण असं काही घडूच शकत नाही, असं त्यांना कुणी कुठल्या तोंडाने सांगावं?

केफिन अ‍ॅव्हेन्यूवर फॅट्स डॉमिनो या इथल्या प्रसिद्ध गायकाचं घर आहे. तो गेला असं समजून कुणीतरी त्याच्या घरावर श्रद्धांजली लिहिली होती. तो बोटीतून सुटला होता आणि पुढे बारा वर्षं जगला.

"आधी सगळं छान होतं" हे किती खरं मानायचं

जरा जपूनच. मीही हेच बोलते, म्हणून मला माहीत आहे. १९६० मध्ये शहराची वस्ती ६,२७,५२५ होती, २००० मध्ये ४,८४,६७४. म्हणजे वादळाआधी चाळीस वर्षं शहर रिकामं होतच होतं. चौथा हिस्सा लोक दारिद्र्यरेषेखाली होते. २०१० च्या जनगणनेत आकडा ३,४३,८२९ वर आला, २०२० मध्ये ३,८३,९९७. काळ्या नागरिकांचं प्रमाण २००० मध्ये ६७ टक्के होतं, २०१० मध्ये ६०. परत कोण आलं नाही, ते या शेवटच्या आकड्यात आहे.

म्हणून कुणी शहराबद्दल ठाम बोलायला लागलं, की ते माणूस इथे कधीपासून आहे ते मनातल्या मनात तपासा. २००८ नंतर आलेल्याला नव्या शाळा, नवे कॅफे, सायकलींचे पट्टे दिसतात. चॅरिटी हॉस्पिटलात जन्मलेल्याला ते बंद पडलेलं हॉस्पिटल दिसतं. लेकव्ह्यूतला माणूस म्हणेल, आम्ही कुणाची वाट न बघता उभे राहिलो. ब्रॉडमूरमधला माणूस २००६ च्या वर्तमानपत्रातल्या त्या नकाशाबद्दल सांगेल, ज्यात त्यांच्या वस्तीवर हिरवा ठिपका होता, म्हणजे इथे बाग करावी. घरं असलेल्या जागी बाग! त्या ठिपक्यामुळेच अख्खं ब्रॉडमूर पेटून उठलं आणि परत आलं. कुणाचंच खोटं नाही, फक्त प्रत्येकाचं जोतं वेगळ्या उंचीवर आहे.

टीव्हीवर पाहिलेलं मात्र घरी ठेवून या. त्या आठवड्यात दोन छायाचित्रं जगभर फिरली. दोन्हींत छातीभर पाण्यातून खाण्याचं सामान घेऊन चाललेली माणसं. काळ्या मुलाच्या फोटोखाली "लूट करून", गोऱ्या जोडप्याच्या फोटोखाली "सापडलेलं" सामान. लोकांनी आसरा घेतलेल्या सुपरडोम स्टेडियममधल्या खुनांच्या आणि बलात्कारांच्या बातम्याही बहुतांशी अफवाच निघाल्या. उलट डॅन्झिगर पुलावर ४ सप्टेंबरला पोलिसांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, दोघे मेले, ते बाहेर यायला वर्षं लागली.

उरलेल्या अर्ध्या दिवसात

जॅक्सन स्क्वेअरला प्रेसबिटेअर संग्रहालयात वादळाचं दालन आहे. तिथे एका माणसाने सरकारी चाळीतल्या आपल्या खोलीच्या भिंतीवर मार्करने लिहिलेली रोजनिशी बघा. इमारत पाडली, भिंतीवरचं लिखाण सोलून आणलं. बाकी दालन घाईत बघितलंत तरी चालेल. कनाल स्ट्रीटच्या टोकाला दफनभूमीत स्मारक आहे, कुणी न्यायला न आलेल्यांचं. तिथे पाच मिनिटं. सुपरडोमला खेळ असेल तरच जा. २५ सप्टेंबर २००६ ला सेंट्स, म्हणजे इथला फुटबॉल संघ, तिथे परत खेळले आणि जिंकले, त्या रात्री मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना मी रडले होते.

नवीन बांधकाम बघायचं असेल तर पूर्वेला बोर्न तळ्यावर जवळजवळ तीन किलोमीटरची अडवणुकीची भिंत आहे. सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर्सच्या कामातला तो एक तुकडा. २०२१ मध्ये आयडा वादळ आलं, तेही नेमकं २९ ऑगस्टलाच, तेव्हा या भिंती टिकल्या. वीज मात्र अख्ख्या शहराची गेली. आमच्याकडे आठ दिवस अंधार होता आणि मी फ्रिज पाचव्या दिवशी चिकटपट्टीने गुंडाळला. ह्यांना हसू आलं, मला नाही.

दौऱ्याचा शेवट आमच्या गल्लीतच करते, शेजारच्या आजींच्या ओसरीवर. त्या परत आल्या २००९ मध्ये. जुन्या घराला तीन पायऱ्या होत्या, नव्या घराला अकरा. विम्यासाठी घर उचलावं लागलं. गुडघे कुरकुरतात, पण त्यांनी खुर्ची वर, ओसरीच्या पुढच्या कडेलाच ठेवली आहे. तुम्ही गेलात की "कम सिट, बेबी" म्हणतील. बसा. थंड काही देतील, ते नको म्हणू नका. त्यांना वादळाबद्दल विचारू नका, अंजिराबद्दल विचारा. परसात त्यांच्या आईने लावलेलं झाड होतं, ते पाण्यात मेलं. आता त्याच जागी लावलेलं नवं त्यांच्या ओसरीपर्यंत आलंय. अंजिरं हवी असतील तर जुलैच्या सुरुवातीला या. नंतर पक्षी काही शिल्लक ठेवत नाहीत.